आधी पाणी, मग डांबर

वाहनतळांच्या बांधकामाविषयी आणि देखभालीविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इमारतीचा दर्शनी भाग रंगवायचा असला की मालक चार रंगांचे नमुने मागवतात, भिंतीवर पट्टे मारून सकाळ-संध्याकाळच्या उजेडात बघतात. त्याच इमारतीपुढच्या वाहनतळाचं काम मात्र एका फोनवर ठरतं. स्थापत्य अभियंता म्हणून चौतीस वर्षं मी जमिनीलगतची कामं केली: आवारं, वाहनतळ, त्यांची गटारं, त्यांच्याखालचा भराव. या खेपेला आलेली पत्रं वाचताना जाणवलं, की प्रश्न डांबराचा असो, काँक्रीटचा असो की गच्चीचा, बहुतेक ठिकाणी मूळ दुखणं पाण्याचं आहे आणि खर्च मात्र दुसऱ्याच गोष्टीवर चालला आहे.

प्रश्न : ताई, आमच्या व्यापारी संकुलापुढे साठ-सत्तर गाड्यांचा डांबरी वाहनतळ आहे. दर पावसाळ्यात त्याच चार ठिकाणी खड्डे पडतात. आम्ही दर वर्षी ते भरून घेतो आणि पुढच्या पावसात भरलेला माल निघून येतो. ठेकेदारही बदलून पाहिला. आता काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द ‘त्याच’ हा आहे. खड्डा जागा बदलत नसेल तर दोष भरलेल्या मालात शोधू नका, जागेत शोधा.

मी नवी असताना ज्या मुकादमांच्या हाताखाली काम शिकले, ते कुठल्याही आवाराची पहिली पाहणी पावसातच करत. पाऊस थांबला की तासाभराने प्रत्येक डबक्याच्या कडेने तेलखडूची रेघ ओढत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत जाऊन बघत. चोवीस तासांनंतरही ज्या रेघेच्या आत पाणी उरलेलं असेल, तिथे खड्डा आज असो वा नसो, तो पडणारच, असं ते सांगत. मी आजही तेच करते आणि तुम्हीही करा. त्यासाठी अभियंता लागत नाही.

साचलेलं पाणी दोन वाटांनी नुकसान करतं. एक तर बारीक भेगांतून आत शिरून ते खडीवरचा डांबराचा पापुद्रा सोडवतं. दुसरं म्हणजे वरून चाक गेलं की अडकलेल्या पाण्यावर दाब येतो, ते खालची बारीक माती घेऊन भेगेतून वर उडतं. भेगेच्या काठाला मातकट डाग दिसतात ते याचेच. थोडी थोडी माती अशी गेली की पृष्ठभागाखाली पोकळी होते आणि एका दिवशी वरचा थर आत बसतो. स्कॉटलंडचे जॉन लाऊडन मॅकॲडम दोनशे वर्षांपूर्वी हेच जीव तोडून सांगत होते, की वाहनाचं ओझं शेवटी मूळची जमीनच पेलते आणि ती कोरडी राहिली तरच पेलते. वरची खडी म्हणजे त्या जमिनीवरचं छप्पर.

म्हणून आधी उतार मोजा. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन माणसं एवढं त्याला पुरतं. डांबरी पृष्ठभागाला दोन टक्के उतार असावा, म्हणजे दर १० मीटरला २० सेंटीमीटर. एक टक्क्याखाली गेलात तर कागदावर उतार असतो, जमिनीवर डबकी असतात, कारण रोलरचं काम तितकं नेमकं होत नाही. मग चेंबर बघा. चेंबरभोवतीचा भराव नीट धुम्मस न करता टाकलेला असेल तर तो खचतो आणि झाकण बेटासारखं वर राहतं. पाणी त्याला वळसा घालून बाजूला साचतं. तुमच्या चार खड्ड्यांपैकी एखादा तरी चेंबरला लागून असेल, असा माझा अंदाज आहे.

खड्डा भरायची रीतही सांगते, कारण ‘भरला’ म्हणून जे केलं जातं ते बहुतेक वेळा ओल्या खड्ड्यात माल ओतून फावड्याची पाठ मारणं असतं. खड्ड्याच्या कडेपासून निदान वीतभर बाहेर, जिथे डांबर धड आहे तिथपर्यंत, यंत्राने चौकोन कापायचा. कडा उभ्या हव्यात. आतलं सैल आणि ओलं सगळं काढायचं, खालची खडी ओली असेल तर तीही. नवी खडी थरांत दाबायची. तळाला आणि चारही कडांना डांबरी इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा, हात द्यायचा, तो विसरला तर नवं आणि जुनं एकमेकांना धरत नाही. मग गरम माल, पाच-सात सेंटीमीटरच्या थरांत, प्रत्येक थर दाबून. शेवटी कडेच्या सांध्यावर डांबराची पट्टी.

पण पाण्याला वाट करून दिल्याशिवाय हे सगळं करू नका. या वर्षीची रक्कम एका नव्या चेंबरवर किंवा जाळीच्या नालीवर घाला आणि खड्डे कोरड्या दिवसांत भरा.

प्रश्न : आमच्या आवारासाठी तीन प्रस्ताव आले आहेत. एक जण म्हणतो, सगळीकडे ५० मिमीचा नवा थर टाका. दुसरा म्हणतो, नुसत्या भेगा भरून वर काळा लेप द्या. तिसरा एका कोपऱ्यापुरतं उकरून पुन्हा बांधायला सांगतो. त्या कोपऱ्यात कचऱ्याची गाडी येऊन उभी राहते आणि तिथे जाळीदार भेगा आहेत. बाकी आवारात लांब, सरळ, बारीक भेगा. कोणाचं ऐकावं?

उत्तर : तिसऱ्याचं, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्याचं निम्मं.

लांब सरळ भेगा ऊन, थंडी आणि वयामुळे येतात. डांबर कडक होतं, आकसतं आणि फाटतं. खालचा पाया बहुधा शाबूत असतो. चार-पाच मिमीपेक्षा रुंद झालेल्या भेगा साफ करून, हवेच्या झोताने कोरड्या करून, लवचीक गरम सीलंटने भरल्या की पुढची काही वर्षं निभतात. मगरीच्या पाठीसारखी जाळी मात्र वेगळी गोष्ट आहे. खालचा पाया खचतो आहे आणि वरचा थर प्रत्येक चाकाखाली वाकतो आहे, असं ती सांगते. तिच्यावर लेप देणं म्हणजे मोडलेल्या हाडावर मलम. नवा थर टाकला तर खालची जाळी काही काळाने त्यातून वर उमटते.

हे मी पुस्तकातून शिकले असते तर बरं झालं असतं. नोकरीच्या आठव्या वर्षी मी एका गोदामाच्या आवारात अशाच जाळीवर नवा थर टाकायला संमती दिली. मालकाला घाई होती, पाया उकरायला वेळ नव्हता, आणि माल उत्तम होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर जिथे जाळी होती तिथे तशीच्या तशी जाळी उमटली. त्या मालकांचे पैसे माझ्या सहीने गेले. तेव्हापासून मी पायाला हात लावून पाहिल्याशिवाय कुठल्याच थरावर सही केलेली नाही.

कचऱ्याच्या गाडीबद्दल तुमच्या लक्षात आलं हे फार चांगलं झालं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर दिवसरात्र ट्रक चालवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला अंदाजाचा नियम आजही वापरतात: रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. साध्या मोटारीच्या एका आसावर पाऊण टन भार धरा आणि भरलेल्या कचरागाडीच्या मागच्या आसावर ९ टन. भार बारापट. झीज बाराचा चौथा घात, म्हणजे २०,७३६ पट. साध्या मोटारीच्या जवळपास दहा हजार फेऱ्या जे करतात ते ती गाडी एका फेरीत करते, आणि पुन्हा त्याच जागी थांबते, वळते, पेटी आपटते. त्या कोपऱ्याला डांबर देऊच नका. गाडीची पुढची-मागची सगळी चाकं बसतील एवढ्या जागेत काँक्रीटचा जाड चौथरा करा, तिच्या येण्याजाण्याच्या वाटेसकट.

त्याआधी आवारात दोन-तीन ठिकाणी हातभर रुंदीचे शोधखड्डे घ्या, एक जाळीत आणि एक धड दिसणाऱ्या जागी. थर किती जाड आहेत, खडीत माती मिसळली आहे का, तळाला ओल आहे का, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. ज्या ठेकेदाराने खड्डा न घेता दर दिला त्याने अंदाज विकला आहे.

करारात एक वाक्य आवर्जून घाला: ‘जाडी म्हणजे रोलर फिरल्यानंतरची जाडी’. ५० मिमी दाबलेला थर हवा असेल तर माल साधारण ६२ मिमी पसरावा लागतो. पसरताना पट्टी लावून ‘बघा, पन्नास’ म्हणणारे बरेच भेटतात. आणि कामाच्या दिवशी मालाचं तापमान मोजायला कोणाला तरी उभं करा. माल साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास पसरला जावा आणि ९० अंशांखाली उतरायच्या आत दाबून व्हावा. गार झालेला माल रोलरखाली दबत नाही, त्यात हवा राहते. पोकळी ८ टक्क्यांच्या वर गेली की पाणी आत झिरपायला लागतं आणि आपण पुन्हा पहिल्या पत्रावर येतो.

प्रश्न : दर वर्षी काळा लेप दिला की डांबर टिकतं असं सांगतात. खरं का?

उत्तर : दर वर्षी नको. लेप उन्हापासून आणि सांडलेल्या तेलापासून पृष्ठभाग वाचवतो, ताकद वाढवत नाही. थरावर थर चढले की लेपच तडकून पापुद्रे सुटतात. भेगा आधी भरून, तीन-चार वर्षांतून एकदा, पृष्ठभाग करडा पडून बारीक वाळू सुटायला लागली की द्या.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे लेप कशाचा आहे ते विचारा. आपण मराठीत दोन वेगळ्या पदार्थांना डांबर म्हणतो. रस्त्याचं डांबर खनिज तेलातून निघतं. दुसरं, कोळशातून निघणारं, त्याच्या उग्र वासाची ओळख कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांनी आपल्याला करून दिली आहे. लेप दोन्हींचे मिळतात. कोळशाच्या डांबराचा लेप पेट्रोल-डिझेलला जास्त दाद देत नाही, म्हणून तो विकला जातो. पण त्यात कर्करोगाशी संबंध असलेली संयुगं फार मोठ्या प्रमाणात असतात. लेप झिजतो, त्याची धूळ बुटांबरोबर घरात येते आणि पावसाबरोबर ओढ्यात जाते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने ओढ्यांच्या गाळात हे सापडल्यावर २००६ पासून त्याच्यावर बंदी घातली. तुमच्याकडे बंदी असो वा नसो, डब्यावरची माहिती मागा आणि कोळशाचं डांबर असेल तर परत पाठवा.

प्रश्न : आमच्या बाजारसंकुलाच्या गच्चीवर वाहनतळ आहे आणि खाली दुकानं. आठ-दहा वर्षांपासून गळती आहे. छताला पांढरे ओघळ आलेत, एका दुकानाच्या वर सिमेंटचा थर पडून गज दिसतात. गच्चीवर आणखी एक काँक्रीटचा थर टाकून उतार दिला तर गळती थांबेल असं ठेकेदार म्हणतो. थांबेल का? भाडेकरू रोज तक्रार करतात.

उत्तर : तुमचं पत्र आल्या दिवशीच मी तुम्हाला संपादकांमार्फत निरोप पाठवला. बाकीच्या वाचकांसाठी उत्तर इथे सविस्तर देते, कारण हा प्रश्न गैरसोयीचा नाही, जिवाचा आहे.

कॅनडात ओन्टारिओ प्रांतात एलियट लेक नावाचं गाव आहे. तिथला अल्गो सेंटर मॉल १९८० मध्ये सुरू झाला. वर गच्चीत वाहनतळ, खाली दुकानं, अगदी तुमच्यासारखीच रचना. गच्ची पहिल्यापासून गळत होती. दुकानांत बादल्या आणि ताडपत्र्या लावून वर्षं निघाली, मालक बदलले, अहवाल आले. पाणी आणि त्यातलं, बर्फ वितळवायला रस्त्यांवर टाकतात ते, मीठ लोखंडी सांगाड्याच्या सांध्यांना खात राहिलं. २३ जून २०१२ रोजी वाहनतळाचा एक भाग खाली कोसळला आणि दोन स्त्रिया गेल्या. त्याच्या काही आठवडेच आधी एका अभियंत्याने पाहणी करून इमारत मजबूत असल्याचं कळवलं होतं. पुढे चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने तो वाचावा असं मला वाटतं. तीस वर्षांत त्या गळतीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं असं नाही. सगळ्यांनी ती पाहिली होती आणि सगळ्यांना तिची सवय झाली होती.

आता तुमचा स्लॅब. पांढरे ओघळ म्हणजे काँक्रीटमधून आरपार वाहणाऱ्या पाण्याने विरघळवून आणलेला चुना. तोच गाडीवर ठिबकला तर रंग खातो. गज दिसतात म्हणजे गंज बराच पुढे गेला आहे. लोखंड गंजलं की मूळच्या दोन ते सहापट जागा व्यापतं आणि आतून काँक्रीट ढकलून पाडतं. जे पडलं ते दिसतं. त्याच्या आजूबाजूला सुटलेलं पण अजून न पडलेलं असतं, ते ऐकावं लागतं. लहान हातोडी घेऊन छत ठोकत गेलं की धड काँक्रीट खणखणतं आणि सुटलेलं भदभदतं. पोकळ आवाजाच्या जागा खडूने आखा, बहुतेकदा आखलेला भाग दिसणाऱ्या भागाच्या कितीतरी पट निघतो.

नवा काँक्रीटचा थर टाकू नका. ५० मिमी काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला साधारण १२० किलो भरतं. मोटारींच्या मजल्याचं गणित मुळात दर चौरस मीटरला २०० ते २५० किलो वाहनभार धरून करतात. म्हणजे ज्या स्लॅबचे गज गंजलेत, त्याच्या डोक्यावर तुम्ही कायमचा निम्मा जादा भार ठेवणार, आणि पाणी तर अडणारच नाही, कारण नवा थरही तडकेल. असं थरावर थर चढवलेलं काम मी उकरलं आहे. तीन कोबे निघाले, प्रत्येकाच्या खाली पाणी होतं.

क्रम असा ठेवा. सुटलेल्या भागाखालचं दुकान आजच रिकामं करा आणि वरची तेवढी जागा गाड्यांना बंद करा. मग संरचना अभियंत्याला बोलवा. स्लॅबच्या दुरुस्तीचा अनुभव असलेला पाहा, ठेकेदाराने आणलेला नको. त्यांनी ठोकून पाहावं, गजांची उरलेली जाडी मोजावी, काँक्रीटचे नमुने काढून ताकद तपासावी. एक साधी तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा: ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. जिथे गुलाबी होतं तिथे काँक्रीट अजून गजाचं रक्षण करतं आहे, जिथे रंग येत नाही तिथे ते कवच संपलं आहे. रंग न येणारा पट्टा गजांच्या पलीकडे गेला असेल तर नुसतं वरून लिंपून भागणार नाही.

हे झाल्यावर वरची बाजू. जुने कोबे काढून वजन उतरवायचं, स्लॅब दुरुस्त करायचा, आणि मग गाड्यांसाठी बनलेला लवचीक जलरोधक लेप संपूर्ण गच्चीला, कठड्यावर वीतभर चढवून द्यायचा. साधा गच्चीचा लेप चाकांच्या वळणाला टिकत नाही. विस्तार-सांधे वेगळे बघा. दोन भागांमधली ती फट उन्हाने रोज उघडते-मिटते. तिच्यात सिमेंट भरणं म्हणजे दारात खुंटी मारून दार हलू नये म्हणणं. तिथे हालचाल सोसणारी रबरी पट्टीच हवी. आणि पाणी बाहेर नेणारे नळ मोजा, साफ करा. पुष्कळ गच्च्या नळाच्या तोंडाशी पालापाचोळा अडकून गळतात.

भाडेकरूंना खरं सांगा, लेखी सांगा.

प्रश्न : पेव्हर ब्लॉक दोन वर्षांत चाकांच्या रेषेत खचले आणि कडेचे सुटून बाहेर सरकले. ब्लॉक बदलावेत का?

उत्तर : ब्लॉक फुटले नसतील तर बदलू नका, तेच पुन्हा बसतील. चाकाच्या रेषेत खचले याचा अर्थ खालची खडी दाबली गेली नव्हती, किंवा उंचसखल खडी झाकायला वाळूचा थर कुठे दोन बोटं आणि कुठे सहा बोटं टाकला गेला. वाळूचा थर सगळीकडे सारखा, २५ ते ४० मिमी हवा. उंची खडीनेच जुळवायची. वाळूऐवजी दगडाची पूड टाकली असेल तर तेही कारण आहे: पूड पाणी धरून ठेवते, चिखल होते आणि ब्लॉक त्यात तरंगतात. जाडसर, धुतलेली वाळू वापरा.

आरआर प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये दाखवलेली एक गोष्ट तुमच्या ठेकेदाराला विचारून पाहा. प्रत्येक मातीला दाबताना एक ठरावीक ओल लागते. त्याहून कोरडी माती दबत नाही आणि त्याहून ओली रोलरखाली लाटेसारखी हलते. भर उन्हात कोरड्या धुळीवर दिवसभर रोलर फिरवला तरी हाती काही लागत नाही.

कडा सुटल्या कारण त्यांना आधार नव्हता. ब्लॉक एकमेकांच्या दाबाने उभे असतात आणि शेवटच्या ओळीला काँक्रीटचा बांध नसेल तर पूर्ण जमीन हळूहळू बाहेर चालत जाते. बांध आधी, ब्लॉक मग. मांडणी माशाच्या काट्यासारखी तिरपी करा, सरळ ओळींपेक्षा ती चाकांच्या ओढीला जास्त तोंड देते. मोटारींना ६० मिमीचे चालतात, मालट्रक येत असेल तर ८० मिमीचे घ्या. सांध्यांत बारीक कोरडी वाळू झाडून भरा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा भरा, ती बसते.

प्रश्न : नव्या काँक्रीट वाहनतळाला महिन्याभरात वेड्यावाकड्या भेगा आल्या. ठेकेदार म्हणतो, काँक्रीटला भेगा येतातच.

उत्तर : येतात हे खरं आहे. कुठे यायच्या ते मात्र आपण ठरवायचं असतं, आणि त्यासाठीच सांधे कापतात. काँक्रीट सुकताना आकसतं. जाडीच्या चोवीस ते तीसपट अंतरावर सांधा हवा, म्हणजे १५० मिमी जाडीला ३.६ ते ४.५ मीटर. खोली जाडीच्या चौथ्या हिश्शाची. चौकोन शक्यतो चौरसाजवळ जाणारे, लांबुळके नकोत. आणि वेळ: टाकल्यापासून साधारण सहा ते अठरा तासांत. दुसऱ्या दिवशी दुपारी कापणारा येतो तोवर काँक्रीटने स्वतःची वाट निवडलेली असते.

तुमच्या भेगा कुठून निघाल्यात ते पाहा. खांबाच्या कोपऱ्यातून किंवा चेंबरच्या कोपऱ्यातून तिरक्या गेल्या असतील तर तिथे वेगळेपणाचा सांधा, म्हणजे स्लॅबला खांबापासून किंवा चेंबरपासून सुटा ठेवणारी फट, ठेवलेला नाही. सगळीकडे बारीक नकाशासारख्या असतील तर माल पातळ करायला जागेवर पाणी ओतलं असावं किंवा पहिले सात दिवस पृष्ठभाग ओला ठेवला नसावा. भेगेच्या दोन्ही बाजू एका पातळीत आहेत ना, हे भेगेवरून नाणं सरकवून बघा. नाणं अडखळलं तर स्लॅब खालून हलतो आहे आणि तेवढा चौकोन काढूनच पुन्हा करावा लागेल. अडखळलं नाही तर भेग भरून लक्ष ठेवा. ठेकेदाराकडून सांध्यांचा नकाशा आणि कापणीची वेळ लेखी मागा. नकाशा नसेल तर दुरुस्तीचा खर्च मागण्याइतपत तुमची बाजू भक्कम आहे.

प्रश्न : पांढरे पट्टे सहा महिन्यांत पुसट होतात.

उत्तर : ओल्या किंवा धुळकट पृष्ठभागावर मारले जातात म्हणून. धुऊन, पूर्ण वाळवून मारा. मुख्य वाटा आणि पादचारी पट्ट्यांना गरम करून लावायचा थर्मोप्लास्टिक रंग काचमण्यांसकट घ्या, रात्री दिव्यात तो उठून दिसतो. गाड्यांच्या चौकोनांना साधा रस्तारंग पुरे.

प्रश्न : आमच्या इमारतीत चाकाच्या खुर्चीवरून येणारे एक भाडेकरू आहेत. त्यांच्यासाठी राखीव जागा ठेवली आहे, चिन्हही रंगवलं आहे, तरी ते म्हणतात की जागा वापरता येत नाही. आम्ही काय चुकलो?

उत्तर : तुम्ही विचारलंत याचा मला आनंद झाला. बहुतेक ठिकाणी चिन्ह रंगवून काम संपतं.

बहुधा तीन गोष्टींपैकी एक असेल. पहिली रुंदी. नेहमीची जागा अडीच मीटरची असते. दार पूर्ण उघडून, खुर्ची बाहेर काढून, तिच्यावर सरकायला शेजारी आणखी सव्वा ते दीड मीटर मोकळी पट्टी लागते. ती पट्टी आडव्या रेघांनी आखा, नाहीतर तिथे दुचाक्या लागतील. दुसरी उतार. पाण्याच्या निचऱ्यासाठी मीच वर दोन टक्के म्हटलं आहे. पण या जागेत कुठल्याही दिशेने दोन टक्क्यांच्या वर जाऊ नका. खुर्ची आपोआप घरंगळत असेल तर माणूस एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने गाडीतून उतरू शकत नाही. जागा नालीच्या किंवा चेंबरच्या तोंडाशी असेल तर उतार नेमका तिथेच वाढलेला असतो. तिसरी वाट. जागेपासून दारापर्यंत एक पायरी, एक उंच कडा, नालीच्या जाळीतली एक रुंद फट, यातलं काहीही एक असलं तरी पुरे. पुढची चाकं लहान असतात, ती जाळीत अडकतात. जाळीच्या फटी जाण्याच्या दिशेला आडव्या बसवा आणि त्या बोटभराहून अरुंद ठेवा. जिथे चढ द्यावा लागेल तिथे एकास बाराहून उभा नको.

नकाशावरून यातलं काहीच कळत नाही. आखणी करणाऱ्याने रंगाचा डबा उघडायच्या आधी त्या भाडेकरूंची वेळ विचारून घ्या, त्यांच्या गाडीपाशी उभे राहा आणि दारापर्यंत त्यांच्याबरोबर जा. वाटेत ते जिथे जिथे थांबतील तिथे तिथे खडूने खूण करा.